कानसाहेब भिंतीवर चढतात

आपण गेले कित्येक महिने वारलेलो आहोत, ही बातमी कानसाहेबांना एका मंगळवारी भर दुपारी, मुलाच्या बालवाडीच्या दारात कळली.

माणसाला आयुष्यात धक्के बसतच असतात. कुणाची बढती हुकते, कुणाच्या नव्याकोऱ्या चपला पहिल्याच दिवशी कुणीतरी घालून जातं. पण स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःलाच, आणि तीही इतक्या उशिरा कळावी, हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. साहेबांना तो मिळाला, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

झालं ते असं. बायकोला ताप आला होता, म्हणून थोरल्याला आणायला साहेब जेवणाच्या सुट्टीत स्वतः गेले. बालवाडी त्यांच्या कचेरीपासून दोनच गल्ल्या पलीकडे, पण ते तिथे पहिल्यांदाच जात होते. दारात वर्गाच्या बाई रंगीत खडूंचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी त्याचा बाबा."

डबा खाली पडला. खडू चारी दिशांना घरंगळले. बाई मात्र ते उचलायचं सोडून साहेबांकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे... सख्खे?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याही नियमपुस्तकात नसतं. साहेब म्हणाले, "अर्थात!" तेव्हा बाईंनी वर्गातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्रत्येक मुलाच्या घरच्यांचा एकेक फोटो, सुबक चौकटीत, खिळ्याला टांगलेला. त्यांच्या थोरल्याच्या फोटोत बागेतल्या बाकावर आई, मांडीवर धाकटी, शेजारी थोरला. बस्स. बाबा नाहीत.

"अहो, तो मीच काढलाय!" साहेब म्हणाले.

"हो का?" बाई आता घाईघाईने खडू गोळा करायला लागल्या. "नाही, म्हणजे बाकीच्या सगळ्या फोटोंत बाबा आहेत ना. आणायला आईच येतात, पालकसभेलाही आईच. आम्हाला वाटलं... आता अशी गोष्ट आपणहून विचारायची तरी कशी? शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं."

"पालकांनाही असंच वाटतंय?"

"सगळ्यांना नाही," बाई म्हणाल्या. मग त्या स्वभावाने खऱ्या असल्यामुळे पुढे म्हणाल्या, "म्हणजे, जवळजवळ सगळ्यांना. शनिवारी पालकांचं संमेलन आहे. तोवर नवा फोटो आणलात तर बरं होईल."

साहेबांना कानसाहेब का म्हणत, तेही इथे सांगायला हवं. ओळखपत्राच्या कचेरीत लोकांचे फोटो तपासण्याची खिडकी त्यांच्याकडे होती. "कान दिसत नाहीत," एवढं म्हणून त्यांनी आजवर जितके फोटो परत केले, तितके कुणी काढलेही नसतील. कान दिसले तर दात दिसायचे, दात झाकले तर मान तिरकी निघायची. त्यांच्या खिडकीतून एका फेरीत पास झालेला माणूस बाहेर येऊन अनोळखी लोकांना चहा पाजायचा. सबंध गावाच्या चेहऱ्यांवर ज्याने शिक्के मारले, त्याचा स्वतःचा चेहरा पोराच्या वर्गात नसावा, हा अन्याय होता. निदान साहेबांना तसं वाटलं, आणि ते घरी येईपर्यंत संतापाने लाल झाले होते.

बायकोने ऐकलं आणि ती अंगात ताप असताना उशीत तोंड खुपसून हसली.

"हसण्यासारखं काय आहे यात?"

"अहो, आत्ता कळलं! तरीच त्या सगळ्या आया माझ्याशी इतक्या गोड वागतात! परवा एकीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अजून तुमचं वय काय आहे, पुढचा विचार करा. मला वाटलं, नोकरीचं म्हणतेय."

"पुढचा म्हणजे?"

"तिचा एक चुलतभाऊ आहे म्हणे. स्वभावाने फार शांत."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आपल्या पश्चात गोष्टी इतक्या पुढे गेल्या असतील, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

मग घरातले सगळे फोटो धुंडाळणं आलं. धाकटी रांगताना, थोरला पडताना, दोघं एकमेकांचे केस ओढताना. फोटो ढिगाने होते आणि सगळे साहेबांनी काढलेले, त्यामुळे साहेब एकातही नव्हते. एका फोटोत त्यांची सावली होती आणि एकात कोपऱ्यात अंगठा आला होता.

"अंगठा माझाच आहे," साहेब आशेने म्हणाले.

"वर्गात अंगठा लावू या?"

"मग माझा कचेरीतला फोटो आहे ना, ओळखपत्रावरचा. तो त्या फोटोच्या बाजूला चिकटवू."

बायकोने तो फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि परत दिला. "हा लावलात, तर ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटेल," ती म्हणाली.

तेव्हा रीतसर फोटो काढायचा ठरला. चौघांचा, आणि दुकानात जाऊन. बायकोचा ताप बुधवारी उतरला आणि गुरुवारी संध्याकाळी साहेब सहकुटुंब कचेरीजवळच्या फोटोवाल्याकडे दाखल झाले.

आता ही चूक फक्त साहेबांच्याच हातून होऊ शकत होती. गावात दुसरे फोटोवाले नव्हते असं नाही. पण हा कचेरीला सगळ्यात जवळचा, आणि कचेरीला सगळ्यात जवळचा म्हणजेच साहेबांच्या खिडकीने सगळ्यात जास्त पोळलेला. साहेब दारातून आत येताना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आधी स्वतःचे केस कानांच्या मागे सारले.

"घरचा फोटो काढायचाय," साहेब म्हणाले.

"काढतो साहेब. अगदी नियमाप्रमाणे काढतो. एकही खोट सापडणार नाही."

आणि त्याने तसाच काढला. पांढरा पडदा लावला, चौघांना एका रेषेत बसवलं, माना सरळ केल्या. धाकटीचे कान तिच्या टोपीतून बाहेर काढले. थोरल्याला बजावलं, "दात झाक, बाळा. साहेबांना चालत नाहीत." साहेबांना या कामातला नेमकेपणा इतका आवडला की तो फोटो त्यांनी तिथल्या तिथे पास केला, आणि घरी येऊन बायकोच्या हातात दिला तेव्हाच प्रथम नीट पाहिला.

चौघेही समोर बघत होते. आठच्या आठ कान दिसत होते. आणि हे चौघं कुठल्या तरी गुन्ह्यात एकत्र पकडले गेले असून धाकटी त्यांची म्होरकी आहे, याबद्दल बघणाऱ्याच्या मनात तिळमात्र संशय उरत नव्हता.

"मी हा वर्गात देणार नाही," बायको म्हणाली. "परवापर्यंत तुम्ही वारला होतात, ते परवडलं. आता पोलीस येतील."

ही हकीकत त्याच रात्री जिन्यातून वरखाली झाली. आपल्याकडे दुधाला उतू जायला वेळ लागेल, पण बातमीला लागत नाही. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सकाळी चहाच्या वेळेला येऊन बसले. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई त्यांच्यामागून आल्या, कारण डॉक्टरांना एकट्याने सल्ला देऊ द्यायचा नाही हे त्यांचं व्रत होतं.

"सगळा प्रश्न तुमचा आहे," डॉक्टर साहेबांना म्हणाले. "मुलं मोठ्यांकडे बघून हसतात. तुम्ही हसा, ती हसतील. आ करा जरा. अरे, दात तर छान आहेत की! वापरत का नाही?"

"हसायचं काय शिकवता त्यांना?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मुलांना शिस्त लागते. मी एक टाळी वाजवली की दोनशे मुलं गप्प बसायची. मी येते संध्याकाळी, टाळी वाजवायला."

"टाळीने धाकटी घाबरेल. खुळखुळा हवा. मीच येतो."

"तुम्हाला बघून तर मोठी माणसंही घाबरतात, डॉक्टर."

दोघंही येणार हे ठरलं. साहेबांना कुणी विचारलं नाही. मात्र डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं, आणि ते न्हाणीघरात आरशासमोर हसून बघत राहिले. आधी ओठांच्या एका कोपऱ्याने, मग दोन्ही कोपऱ्यांनी, मग दात दाखवून. काम अवघड होतं, पण साहेब कामाला नाही म्हणणारे नव्हते. सराव कमी पडू नये म्हणून त्यांनी तो कचेरीतही चालू ठेवला.

खिडकीशी पहिला आला तो एक गलेलठ्ठ गृहस्थ. साहेब त्याच्याकडे बघून हसले. गृहस्थाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नाही असं बघून त्याला घाम फुटला. "साहेब, सांगतो," तो खिडकीत वाकून कुजबुजला, "फोटो माझा नाहीये. माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो जरा बारीक आहे म्हणून लावला होता." तेवढ्यात त्याच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या बाई हे ऐकून आपण होऊन रांगेतून निघून गेल्या. जेवणाच्या सुट्टीच्या आधी मोठ्या साहेबांनी कानसाहेबांना आत बोलावून दार लावून घेतलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "लोक सांगतायत तुम्ही हसताय. हवी तर दोन दिवस रजा घ्या. पण असं काही करू नका."

साहेबांचा फार अपमान झाला. तरी बोलणार कुणाला? त्यांनी रजा नाकारली आणि हसू संध्याकाळसाठी राखून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोटोवाल्याच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. पडद्यासमोर हे चौघं, कॅमेऱ्याच्या एका बाजूला खुळखुळा घेऊन डॉक्टर, दुसऱ्या बाजूला टाळीच्या तयारीत मुख्याध्यापिकाबाई, आणि मध्ये आधीच हात जोडलेला फोटोवाला. थोरला सदऱ्याच्या गुंड्या चावत होता. धाकटी आईच्या मांडीवर शांत बसली होती. आता उशीर करू नये, सगळं जुळून आलंय, असं फोटोवाला म्हणाला आणि त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

"साहेब, तुम्ही धाकट्या बाईंकडे बघा, आणि हसा."

साहेबांनी धाकटीकडे बघितलं आणि दिवसभराचा सगळा सराव पणाला लावून ते हसले.

धाकटीने क्षणभर श्वास रोखला. मग जी किंकाळी फोडली, ती ऐकून रस्त्यावरचा सायकलवाला उतरून आत डोकावला. ती आईच्या अंगावरून चढून तिच्या पाठीमागे गेली आणि तिथून खांद्यावरून बघत पुन्हा ओरडली. डॉक्टरांनी खुळखुळा वाजवला. बाईंनी टाळी वाजवली. टाळीला दचकून थोरला खुर्चीसकट मागे गेला आणि पांढरा पडदा सगळ्यांच्या अंगावर आला.

पडद्याखाली काळोखात थोरल्याचा आवाज आला, "आई, बाबांना काय झालं? त्यांचं पोट दुखतंय का?"

डॉक्टरांनी, जे स्वतः दातांचे डॉक्टर होते आणि किंकाळ्या ऐकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं होतं, खुळखुळा खिशात घातला. पडदा दूर झाला तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, कारण काढायचं ते विसरले होते.

त्यांना खरोखरच धक्का बसला होता. कानांचं नि दातांचं सोडा. आपल्या पोटच्या पोरीने आपलं हसू आजवर पाहिलेलंच नाही, ही गोष्ट अशी चार माणसांत उघडी पडली आणि ते कानकोंडे झाले. आपण हसतच नाही का? त्यांनी आठवून पाहिलं. ते सकाळी पोरं उठायच्या आत निघत, संध्याकाळी दमून येत, आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढत. फोटो काढताना एक डोळा मिटलेला असतो आणि तोंड कॅमेऱ्यामागे असतं. वाईट वाटलं त्यांना. फार वाईट वाटलं.

"जाऊ दे," ते बायकोला म्हणाले. "तुमच्या तिघांचाच राहू दे वर्गात."

"असं काय करता?" बायको म्हणाली.

शेवटी फोटोवालाच पुढे झाला. साहेबांशी आपणहून बोलायची ही त्याची पहिलीच वेळ असावी. "साहेब, एक सांगू का? रागावू नका. तुम्ही खिडकीत बसता ना, तसे बसा. मी फोटो पुढे करतोय आणि तुम्ही नाही म्हणताय, असं समजा."

यात साहेबांना सराव लागत नव्हता. ते बसले, भुवया खाली आल्या, ओठ मिटले. खोली एकदम ओळखीची झाली. धाकटीने आईच्या खांद्यावरून डोकं वर काढलं. हा माणूस तिला ठाऊक होता. ती खाली उतरली, डुगडुगत साहेबांकडे आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि आधारासाठी तिने त्यांचा उजवा कान मुठीत धरला. थोरल्याला त्याचं हसू आलं आणि तो त्यांच्या गळ्यात पडला. बायकोने डोळे पुसायला हात वर नेला, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

शनिवारी सकाळी फोटोवाल्याने तो चौकटीत घालून समोर ठेवला आणि खाकरला. इतक्या वर्षांनी हा दिवस उगवला होता.

"साहेब, नियमाप्रमाणे हा फोटो नापास होतो," तो म्हणाला. "तुमचा एक कान दिसत नाही. मुलाचे दात दिसतायत. बाईंचे डोळे मिटलेले. आणि छोटीचं तोंड तर दिसतच नाही, नुसती टोपी. परत काढायचा का?"

"नको," साहेब म्हणाले. तो त्यांनी पास केला.

संमेलनाला ते चौघं वेळेच्या आधी पोचले. साहेबांनी स्वतःच्या हाताने जुना फोटो उतरवला आणि नवा खिळ्याला लावला. लांब जाऊन बघितलं, तिरका वाटला म्हणून सरळ केला. पालक एकेक करून येत होते आणि दारातच थबकत होते. एक बाई तर साहेबांना बघून दोन पावलं मागे सरल्या. चुलतभाऊवाल्या त्याच असणार. एका गृहस्थाने येऊन त्यांचा हात हातात घेतला, तो गरम आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "अभिनंदन." साहेबांनी मान डोलावली. आता कुठे त्यांना जिवंत असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

"छान झालं हो," वर्गाच्या बाई थोरल्याला जवळ घेत म्हणाल्या. "आता तुलाही सगळ्यांसारखी रांग बरं का. आता रोज झोपाळा आधी नाही मिळायचा, आणि गोष्टीच्या वेळी माझ्या मांडीवरही दुसऱ्यांना बसू द्यायचं."

थोरल्याचा चेहरा उतरला. त्याने झोपाळ्याकडे पाहिलं, बाईंच्या मांडीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बाबांकडे आणि खालच्या बाबांकडे. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

"मला नको हा फोटो," तो म्हणाला. "काढ."

मेलेल्या माणसाला परत आल्यावर पोटच्या पोराने असं परतवून लावावं, याचं उदाहरण कुणाच्या ऐकिवात नव्हतं. साहेब त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांना हसावंसं वाटलं, पण तो धोका त्यांनी पत्करला नाही.

"का रे? मी नको तुला?"

थोरल्याने विचार केला. "सगळ्यांचे बाबा न्यायला येतात. कधी कधी तरी येतात. तू येत नाहीस. मला झोपाळा मिळायचा."

"मी येईन."

"रोज?"

"जेवणाच्या सुट्टीत, रोज."

"मग राहू दे," थोरला म्हणाला. "पण ज्या दिवशी येणार नाहीस, त्या दिवशी काढून टाकीन."

साहेबांनी यापूर्वी लोकांना हजारो अटी घातल्या होत्या. त्यांना घातलेली ही पहिलीच.

पहिले काही दिवस त्यांनी ती तंतोतंत पाळली. सुट्टीची घंटा झाली की खिडकी बंद, आणि साहेब दोन गल्ल्या झपाझप ओलांडून बालवाडीच्या दारात. आधी भिंतीकडे नजर टाकायची. फोटो जागेवर असला की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग एके दिवशी, घंटा व्हायच्या बेतात असताना, खिडकीशी एक तरुण आला. फोटोत त्याचे दात दिसत होते. साहेब म्हणाले, दात दिसतायत. तो म्हणाला, माझे ओठच मिटत नाहीत. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, दाखवा नियम. साहेबांना कुणी नियम दाखवायला सांगितला की त्यांना जगाचं भान राहत नाही. त्यांनी नियमपुस्तक काढलं, कलम शोधलं, मोठ्याने वाचलं, पोटकलमही वाचलं. पुस्तक मिटून वर पाहिलं तेव्हा कचेरीत शुकशुकाट होता आणि भिंतीवरच्या घड्याळात सुट्टी संपत आली होती.

साहेब धावले. भर रस्त्यात, लोक बघत असताना, पोट सांभाळत धावले. बालवाडीच्या अंगणात कुणी नव्हतं. झोपाळा रिकामा होता. उघड्या दारातून भिंत दिसत होती आणि त्या भिंतीवर, सगळ्या घरांच्या मधोमध, नुसता खिळा होता.

थोरला पायरीवर बसला होता. फोटोची चौकट त्याने दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. वर्गाच्या बाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्या उठून आत गेल्या.

"मी सांगितलं होतं," थोरला म्हणाला.

नियम त्यानेच केला होता आणि नियमाप्रमाणेच वागला होता. साहेब धापा टाकत त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. कचेरीची घंटा दोन गल्ल्या पलीकडून ऐकू आली, पण ते उठले नाहीत.

"परत लावता येतो का रे?" त्यांनी विचारलं. खिडकीच्या पलीकडची माणसं त्यांना ज्या आवाजात विचारायची, अगदी त्याच आवाजात.

थोरल्याने चौकट जराशी सैल धरली आणि फोटोकडे नीट बघितलं.

"उद्या ये," तो म्हणाला. "मग बघू."